भोपळ्याची आई

मंगळीबाईला रडू येत नाही, हे चिंचपाड्याच्या आसपासच्या सगळ्या गावांना ठाऊक होतं. आता रडू येत नाही म्हणजे दुःखच नाही असं थोडंच असतं. पण लोकांचं तोंड कोण धरणार? दोन वर्षांमागं गुजरातेत ऊसतोडीच्या पडावावर तिची वर्षाची प्रिस्किला तापानं गेली. तेव्हापासून बाई जी थट्टा करत सुटली ती थांबेचना. मयतीला गेली तरी खड्डा खणणाऱ्यांना हसवून यायची. नवरा होळ्या अगदी उलटा. पोरीचं नाव निघालं की तो उठून शेळी चारायला जायचा. शेळी खाऊन खाऊन फुगली, आणि नाव घरातून गेलं ते गेलंच.

म्हणून तर तिला नाटकात काम हवं होतं. चर्चमधल्या हंगामाच्या सणासाठी जोसेफ मास्तरांनी गुलामांवर नाटक लिहिलं होतं. समुद्रापारचा मळा, चाबूकवाला मालक, आणि एक गुलाम बाई, जिच्या कडेवरचं लेकरू लिलावात विकलं जातं. ती बाई लेकराला नावानं हाक मारते, चांगली घसा फाडून. मंगळीबाईनं मनाशी ठरवलं, त्या दिवशी हाक मारायची ती प्रिस्किलालाच. भरल्या मांडवात मारली तर होळ्या ऐकल्याशिवाय जाईल कुठं?

पण मास्तरांनी लेकराचं नाव ठेवलं होतं करुणा, आणि आईसाठी पानभर रडणं लिहिलं होतं, ‘हे निष्ठुर दैवा’पासून सुरू. मंगळीबाई म्हणाली, असलं नाव सरकारी योजनेला शोभतं. आणि रडण्याचं म्हणाल तर लेकरू नेलं तरी त्या बाईला मालकाच्या भाकरी थापायच्याच असणार, ती रडेल कधी? ती चुलीला शिव्या देईल, मालकाच्या चालण्याची नक्कल करून बाकीच्या बायांना हसवेल, आणि त्या हसण्यावर दिवस ढकलेल. मास्तरांना हे काही पटलं नाही. त्यांनी वाचलेल्या सगळ्या गोष्टींत गुलाम धाय मोकलून रडत होते. पुढच्या तालमीला डोळ्यांत पाणी दिसलं नाही तर काम सुषमाला, असं त्यांनी सांगून टाकलं.

सुषमा म्हणजे इमॅन्युएल मुकादमाची बायको. तिचे डोळे म्हणजे नुसते नळ, परक्या पोरीच्या हळदीतही वाहायचे. इमॅन्युएल नाटकात मालक झाला होता. पण चाबूक उगारायचा तोही आधी बायकोकडं बघून.

मग काय, मंगळीबाईनं पदराच्या टोकाला नंदुरबारची लाल मिरची बांधून नेली. तालमीत पाणी आलं, धो धो आलं, आणि त्याबरोबर मास्तरांच्या सात पिढ्यांचा उद्धारही झाला. मास्तरांनी तेही आनंदानं ऐकून घेतलं. काम मंगळीबाईकडंच राहिलं.

सणाच्या दिवशी सकाळची भक्ती आटोपली. मंगळीबाईनं पदरात पुन्हा मिरची बांधून आणली होती. लोकांनी वाहिलेला भात, तूर, काकड्या, कोंबड्या पुढं मांडल्या होत्या, आणि दरवर्षीच्या रिवाजाप्रमाणं नाटकानंतर इमॅन्युएलच त्यांचा लिलाव पुकारणार होता. लेकराच्या कामाला तान्हं मूल काही मिळेना, कारण चाबूक दिसला की पोरं भोकाड पसरायची. शेवटी मास्तरांनी त्या ढिगातलाच एक लाल भोपळा उचलून टॉवेलात गुंडाळला. इथंच घोटाळा झाला.

इमॅन्युएलनं मंगळीबाईच्या कडेवरून गाठोडं ओढलं, टॉवेल सरकला, आणि तो गरजला, “बोला, काय देता?” भोपळा होता मोठा झकास. लोकांना वाटलं, यंदा लिलाव लवकर लागला. जमनाबाईनं एक कोंबडी बोलली, तिच्या जावेनं हट्टानं दोन. जरा वाजवून दाखव, असं मागून कुणीतरी म्हणालं आणि इमॅन्युएलनं सवयीनं वाजवलाही. मास्तर पडद्याआडून थांबा, थांबा म्हणून हात हलवू लागले, तर त्यांच्याही नावावर तीन कोंबड्या पडल्या. सगळा मांडव हसून हसून लोळत होता.

एकटी मंगळीबाई हसत नव्हती. पडावावर त्या सकाळी असंच कुणीतरी तिच्या हातातलं गाठोडं काढून घेतलं होतं, आणि हात असेच मोकळे पडले होते. निष्ठुर दैव वगैरे कुठल्या कुठं गेलं.

“प्रिस्किला,” तिनं हाक मारली. “अरे, प्रिस्किला आहे ती माझी.”

सगळ्यांनी होळ्याकडं पाहिलं. होळ्या उठला. झालं, निघाला शेळी चारायला, असंच सगळ्यांना वाटलं, आणि मंगळीबाईला सगळ्यांच्या आधी वाटलं. पण तो बाहेर न जाता पुढं आला.

“माझी शेळी घ्या,” तो म्हणाला. “पोर इकडं द्या.”

यावर मालकानं काय बोलायचं ते मास्तरांनी लिहिलं नव्हतं. इमॅन्युएलनं सुषमाकडं पाहिलं. तिचे नळ केव्हाच सुटले होते, तिनं नुसती मान हलवली. त्यानं गाठोडं होळ्याच्या हातांत दिलं.

होळ्यानं ते खांद्याशी धरलं आणि तो चालू लागला. मंगळीबाई त्याच्या मागोमाग. दुसऱ्या अंकात लेकरू परत मिळतं, भोपळा लागेल, म्हणून मास्तर गयावया करत रस्त्यापर्यंत पळत आले. त्यांच्याकडं कुणी वळूनही पाहिलं नाही. बाहेर दुपार तापली होती.

“पदर टाक तिच्यावर,” होळ्या म्हणाला. “प्रिस्किलाला ऊन लागतंय.”

मंगळीबाईनं पदर टाकला, आणि भर रस्त्यात बसून ती रडली. मिरची पदरात बांधलेलीच राहिली.