धूळ आणि गोंदण

अश्विनीनं निगेटिव्ह कडेनं धरली, फुंकर मारली आणि हळूच मशिनीच्या फटीत सरकवली. सूरज शेजारच्या खोक्यावर बसून वडापाव खात होता. नारायणगावातल्या दुकानातून त्यानंच हे दोन जुने स्कॅनर घोडेगावला आणले होते. एक ठेवायचा, एक संध्याकाळी परत. हा चटपटीत, धूळ आपोआप पुसणारा. दुसरा, सूरजच्या बुडाखालच्या खोक्यातला, काचेचा, बोजड आणि महासंथ.

गावातल्या सयाजीकाकांचा फोटो स्टुडिओ बंद पडला तेव्हा त्यांच्या सगळ्या ब्लॅक अँड व्हाइट निगेटिव्ह भंगारात निघालेल्या. अश्विनीनं त्या अडवल्या, आणि तेव्हापासून ज्याचा चेहरा त्याच्या घरी पोचवणारच, असं ती भेटेल त्याला सांगत सुटली होती. ते ऐकून आज पहिली आली ती कोंडाआजी, पार डोंगरातून, एसटीनं. तिची बहीण भागू लग्नानंतर लवकरच वारली. घरात तिचा एकही फोटो नव्हता, आणि पाकिटावरच्या नावावरून ही निगेटिव्ह तिची होती.

चेहरा स्क्रीनवर आला. गुळगुळीत, लख्ख.

"बघ राव, एक ठिपका नाय," सूरज म्हणाला. "हाच ठेव."

आजी स्क्रीनजवळ वाकली. बराच वेळ बघत राहिली.

"कोणाची पोर गं ही?"

"तुमचीच भागू, आजी."

"नाक तिचं हाय. पर भागू नाय."

आजीनं पदर मागं सारला, कपाळावर बोट ठेवलं. तिथं हिरवं गोंदण होतं. हनुवटीवरही. दोघी बहिणींनी एकाच दिवशी, एकाच बाईकडून गोंदवून घेतलं होतं म्हणे, आणि भागू लई रडली होती.

अश्विनीचे कान तापले. हे पुसणं रंगीत फिल्मसाठी असतं, ब्लॅक अँड व्हाइटमध्ये मशिनीला धूळ कुठली अन् चित्र कुठलं ते कळत नाही, हे तिनं वाचलं होतं. वाचूनही बटण दाबलं होतं.

"मग पुसणं बंद कर की," सूरज म्हणाला.

"ते बंद केल्यावर याच्यात जास्तीचं काय राहिलं? ऊठ, खोकं दे."

काचेच्या स्कॅनरनं जीव खाल्ला. दिवा रांगत रांगत पुढं सरकला आणि भागू आली, गोंदणासकट, धुळीसकट. आता ठिपकेच ठिपके. अश्विनीनं स्टूल ओढलं, आजीला उजेडात बसवलं आणि माऊस हातात घेतला. स्क्रीनवरच्या एकेका ठिपक्यावर ती थांबायची आणि वळून आजीच्या तोंडाकडं बघायची. आजीकडं असला तर ठेवायचा, नसला तर पुसायचा. चहा आला, निवला. सूरजनं घड्याळ दाखवलं. तिनं मान वर केली नाही.

शेवटी गालावरचा एक उरला. आजीचा गाल साफ होता. अश्विनीनं बोट उचललं.

आजीनं तिचं मनगट धरलं.

"ऱ्हाऊ दे तो."

"तुम्हाला नाहीये तिथं."

"तीळ हाय त्यो. माझ्याकडं नव्हताच." आजी स्क्रीनकडंच बघत होती. "मला बघाया आलेलं पावणं तिलाच पसंत करून गेलं, ते काय उगं?"

अश्विनीनं माऊस बाजूला सारला. सूरज चटपटीत स्कॅनरची वायर गुंडाळू लागला.

आजीनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं आणि स्क्रीनच्या काचेवरून, त्या तिळाभोवतीनं, अलगद फिरवलं.