दोरीवरची चादर

धाकट्या जावेनं जायच्या दिवशी सकाळी एकच मागणं केलं. "जाऊबाई, माझी पांढरी चादर एकदा गच्चीवर वाळवून द्या. मशीनमध्ये वाळलेलं कापड अंगाला परकं लागतं."

"लाड बघा हिचे," म्हणत थोरली ओली चादर घेऊन वर गेली.

धाकटी संध्याकाळच्या गाडीनं भावाकडे निघाली होती. म्हणायला हवापालट, पण बॅगेत थंडीचे कपडेही भरलेले थोरलीनं पाहिले होते. चादर पांढरीच खाली आली तर 'राहा' म्हणायला आपल्याला तोंड राहील, असं तिच्या मनानं घेतलं.

दोन टब आणि एक इस्त्री, एवढ्यावर दोघींनी ही लाँड्री उभी केली होती. मग पलीकडे कोळशावरचं वीजकेंद्र आलं, तिथल्या कामगारांचे गणवेश धुवायला मिळाले आणि घराला बरे दिवस आले. राखेची तक्रार घेऊन शेजारी आले, तेव्हा थोरलीनंच त्यांना वाटेला लावलं होतं. "पुन्हा अंधारात बसायचंय का?" पुढे दोरीवरचे कपडे करडे पडायला लागले, तशी तिनं ड्रायर घेतले. गच्ची सुटली. धाकटीचा खोकला सुटला नाही.

"तुमचे दोन्ही ड्रायर फिरायला लागले की मला वीजकेंद्राच्या चिमणीचा धूर बघून कळतं," धाकटी एकदा म्हणाली होती. तेव्हा दोघी पोट धरधरून हसल्या होत्या.

थोरलीनं ओल्या फडक्यानं दोरी पुसली. फडकं काळं झालं. ते पिळून तिनं पुन्हा पुसली, मग चादर घालून चिमटे लावले.

दुपारी ती वर गेली, तर धाकटी आधीच येऊन कठड्याला टेकली होती. जिन्यानं तिला धाप लागली होती. चादरीवर बारीक राख बसली होती. थोरलीनं झटकायला हात पुढे केला.

"झटकू नका, आणखी पसरेल. तुम्हीच शिकवलंत ना मला?"

"अगं, आज वारा इकडचा आहे."

"हो, वाऱ्यालाच बोल लावू." धाकटी हसली आणि ते हसू खोकल्यात बुडालं.

थोरली तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग तिनं चिमटे काढून चादर उतरवली.

खाली येऊन तिनं चादर पुन्हा धुतली. गाडीला फार वेळ उरला नव्हता. तिनं ती ड्रायरमध्ये टाकली, बटण दाबलं आणि चिमणी दिसणाऱ्या खिडकीकडे पाठ करून उभी राहिली.