पहिले आठ बाहेर

लीगचं वेळापत्रक गेली चौदा वर्षं मास्तरच बनवत होते. उभी हयात शाळेत गणित शिकवण्यात गेली. निवृत्त झाल्यावर लीगच्या सचिवांनी हे काम त्यांच्या गळ्यात घातलं आणि ते त्यांना चांगलंच मानवलं. बारा क्लब, प्रत्येकाचे बावीस सामने, अकरा घरच्या मैदानावर आणि अकरा बाहेर. त्यातल्या दोन क्लबांचं मैदान एकच, म्हणजे एक घरी तर दुसरा बाहेर हवाच. एका शहरात बाजाराच्या दिवशी पोलीस मिळायचे नाहीत. मास्तर जाड पुठ्ठ्यावर रकाने आखायचे, पेन्सिलीने भरायचे, खोडायचे, पुन्हा भरायचे. बायको म्हणायची, घरातला खोडरबर साबणापेक्षा लवकर संपतो.

फुटबॉलचं मात्र त्यांना फारसं वेड नव्हतं. आख्खा सामना त्यांनी क्वचितच पाहिला असेल. गोल कुणी केला यापेक्षा सामना ठरल्या दिवशी झाला का, एवढंच ते विचारायचे. चौदा वर्षांत त्यांच्या तक्त्याकडे कुणी बोट दाखवलं नव्हतं, याचा त्यांना मनातून फार अभिमान होता. त्यांचा जावई एका क्लबचा प्रशिक्षक झाला तेव्हा ते आपणहून सचिवांकडे गेले आणि काम सोडतो म्हणाले. सचिव हसले. "मास्तर, तुमच्यावर संशय घ्यायचा तर आधी भिंतीवरच्या घड्याळावर घ्यावा लागेल." मास्तर घरी आले आणि पेन्सिलीला टोक काढायला बसले.

तीन हंगाम काही अडलं नाही. चौथ्या हंगामाआधी जावयाच्या क्लबने आपलं मैदान खणायला काढलं. पाणी साचून साचून गोलपोस्टपुढे चिखलाचं डबकं व्हायचं, म्हणून माती उपसून खाली पाइप टाकायचे आणि वर नवं गवत लावायचं ठरलं. मैदान तयार व्हायला हंगामाचे पहिले दोन महिने जाणार होते. एका रविवारी दुपारी जावई क्लबचं पत्र घेऊन आला. चहा झाला, इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग त्याने पत्र पुढे केलं.

"बाबा, शेजारच्या कॉलेजचं मैदान मिळतंय. पहिले चार घरचे सामने तिथे खेळू द्या. बाकीचे नंतर आमच्या मैदानावर."

मास्तरांनी पत्र वाचलं, घडी घातली. "कॉलेजचं मैदान तुमच्या नावावर नोंदलेलं नाही."

"नोंदवून घेऊ. अजून महिना आहे."

"ते झालं. पण लोक म्हणतील, सासऱ्याने जावयाची सोय केली."

"मग आम्ही खेळायचं कुठे?"

"पहिले आठ बाहेर खेळा. पुढच्या चौदांत अकरा घरी येतील. बेरीज सगळ्यांची सारखीच."

जावई मुळात कमी बोलणारा, त्यात समोर सासरे. "बेरीज सारखी, हे खरं," तो म्हणाला. "पण बेरीज शेवटी होते." आणि उठला.

सचिवांनीही फोनवर एकदा विचारलं, पूर्वी कुणाला तरी अशी सवलत दिली होती ना? मास्तर म्हणाले, त्या वेळची गोष्ट वेगळी होती. सचिवांनी विषय सोडून दिला. मास्तरांचा शब्द म्हणजे त्यांना दगडावरची रेघ.

हंगाम सुरू झाला. जावयाचे खेळाडू पहिला सामना हरले, दुसरा बरोबरीत सुटला, पुढचे दोन हरले. लेकीचे फोन आधी रोज यायचे, ते आठवड्यावर गेले. एकदा ती हसत म्हणाली, "संघातली पोरं म्हणतात, दोन महिने सासरीच नांदायचंय, माहेरचं तोंड कधी दिसायचं?" पण त्या हसण्यात दम नव्हता. पाचव्या सामन्याला मास्तर स्वतः जायला निघाले. का, हे बायकोने विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

संघाच्या बसमध्ये पुढची जागा त्यांना मिळाली. तक्त्यात या प्रवासासाठी त्यांनी "सहा तास" असं लिहिलं होतं. सहा तासांत गोलरक्षकाला तीन वेळा उलटी झाली. मधल्या फळीतला उंच खेळाडू गुडघे पोटाशी घेऊन बसला होता, कारण पाय ठेवायला जागाच नव्हती. पोचल्यावर पाहुण्यांच्या खोलीचा दिवा लागत नव्हता आणि नळाला पाणी येत नव्हतं. तिथला माणूस म्हणाला, आत्ता सकाळपर्यंत येत होतं. जावयाने मोबाइलच्या उजेडात फळ्यावर खुणा करून खेळ समजावला. कुणी कुरकुर केली नाही. पाच आठवडे हेच चाललंय, हे मास्तरांच्या तेव्हा लक्षात आलं.

सामना सुरू झाला आणि भोवतीचे चार हजार लोक एकाच घशाने ओरडायला लागले. यजमानांचा खेळाडू पडला की सगळं मैदान उभं राहायचं आणि रेफ्रीचा हात शिट्टीकडे जायचा. माणूस प्रामाणिक होता. शिट्टी वाजवण्याआधी तो दर वेळी क्षणभर घुटमळायचा, हे मास्तरांनी नीट पाहिलं. पण त्या क्षणभरात चार हजार जण एका बाजूला होते आणि दुसऱ्या बाजूला जावई, अकरा खेळाडू आणि एक निवृत्त गणित शिक्षक. शेवटच्या दहा मिनिटांत यजमानांना पेनल्टी मिळाली आणि गोल झाला. एक शून्य.

परतीच्या वाटेवर मास्तर म्हणाले, "ती पेनल्टी नव्हती."

"घरी असतो तर नसती," जावई म्हणाला, आणि त्याने डोळे मिटले.

पुढच्या आठवड्यात लेक आली. तिला एवढंच हवं होतं, की बाबांनी क्लबला दोन ओळी लिहाव्यात. हे आठ सामने का बाहेर आले, त्यांत कुठल्याही संघाचं काय होतं, हे आकड्यांनिशी सांगावं. क्लबच्या अध्यक्षांचा फोन हल्ली जावयाला येत नव्हता, हे लक्षण बरं नव्हतं.

"मी लिहिलं तर ते सासऱ्याचं पत्र होईल," मास्तर म्हणाले.

"नाही लिहिलं तरी तुम्ही सासरेच आहात, बाबा."

मास्तरांनी पत्र लिहिलं नाही. सहावा सामना जावयाच्या संघाने जिंकला, उरलेले दोन बरोबरीत सोडवले. आठ सामन्यांत सहा गुण, गुणतक्त्यात दहावं स्थान. आठव्या सामन्यानंतर तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी त्याला बोलावून घेतलं, चहा पाजला आणि त्याच्या कष्टांबद्दल आभार मानून निरोप दिला. नव्या मैदानावर गवत एकसारखं उगवलं होतं. जावई जाताना ते पाहून आला, असं लेकीने सांगितलं. आत पाय ठेवला नाही, कडेनेच पाहिलं.

नवा प्रशिक्षक आला तो उद्घाटनाच्या सामन्यालाच. क्लब तीन शून्य जिंकला. मग जिंकतच गेला. अकरा घरच्या सामन्यांत सात विजय, तीन बरोबरी, एकच हार. हंगाम संपला तेव्हा क्लब चौथा होता. नव्या प्रशिक्षकाच्या गळ्यात हार पडले. शिस्त आणली, जिद्द पेटवली, असं वर्तमानपत्रांत आलं. तो माणूसही वाईट नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं.

मास्तरांनी तेव्हा कपाटातल्या फायली काढल्या. चौदा वर्षांचे निकाल त्यांच्याकडे तारीखवार होते, फक्त त्या नजरेने त्यांनी ते कधी पाहिले नव्हते. गेल्या तीन हंगामांत याच क्लबने बाहेरच्या अकरा सामन्यांत नऊ, सात आणि आठ गुण मिळवले होते. म्हणजे आठ सामन्यांचे सहाच्या आसपास. जावयाने नेमके तेवढेच मिळवले होते. नव्या प्रशिक्षकाच्या वाट्याला बाहेरचे तीन सामने आले, त्यांत दोन हार आणि एक बरोबरी. हे सगळं काढायला त्यांना अर्धी दुपार लागली. ही अर्धी दुपार लेक पत्र मागायला आली तेव्हाही त्यांच्याकडे होती.

सचिवांनी ज्या सवलतीची आठवण काढली होती, तीही त्याच फायलींत सापडली. सहा वर्षांपूर्वी एका क्लबच्या गॅलरीचं छप्पर दुरुस्त होत होतं. त्यांनी शेजारच्या मैदानावर चार सामने खेळू द्या म्हणून अर्ज केला होता. खाली मास्तरांचंच अक्षर होतं: "अडचण खरी आहे. मंजूर." वेगळं काहीही नव्हतं. त्या क्लबचा प्रशिक्षक त्यांचा कुणी लागत नव्हता, एवढाच काय तो फरक.

मास्तर तो कागद हातात घेऊन बराच वेळ बसले. आजवर कुणालाही झुकतं माप दिलं नाही, याच गोष्टीवर त्यांनी स्वतःला तोललं होतं. आणि इथे एका माणसाला त्यांनी हक्काचं मापही दिलं नव्हतं, का, तर आपलं नाव स्वच्छ राहावं म्हणून.

वार्षिक बैठकीत त्यांनी दोन पानं वाचून दाखवली. कुठल्याही संघाला सलग तीनपेक्षा जास्त बाहेरचे सामने देऊ नयेत. मैदान बंद असेल तर पर्यायी मैदान मागण्याचा हक्क प्रत्येक क्लबला असावा. वेळापत्रक बनवणाऱ्याच्या मर्जीवर ते ठेवू नये. शेवटी त्यांनी आपलं काय चुकलं ते सहा वाक्यांत सांगितलं. जावयाच्या जुन्या क्लबचे अध्यक्ष समोरच्या पाण्याच्या ग्लासाकडे पाहत राहिले. सचिव म्हणाले, "मास्तर, नियम घेऊ. ही सहा वाक्यं इतिवृत्तात नकोत."

"ती पण घ्या," मास्तर म्हणाले. नियम एकमताने मंजूर झाले. इतिवृत्त आलं तेव्हा वाक्यं त्यात होती, सहाची चार झालेली.

ते इतिवृत्त घेऊन मास्तर लेकीकडे गेले. जावयाने उभ्याउभ्याच वाचलं. त्याला खालच्या लीगमधल्या एका क्लबने बोलावलं होतं. शहर लांबचं होतं आणि घर बदलावं लागणार होतं, म्हणून खोलीभर खोकी पसरली होती.

"याने तुमची जागा परत मिळणार नाही," मास्तर म्हणाले. "मला ठाऊक आहे."

"नाही मिळणार." त्याने कागद लेकीकडे दिला. "पण तुमच्यावर राग होता, तो मला तोंडाने सांगता येत नव्हता. आता सांगायची गरज नाही. राग गेला असं मात्र म्हणत नाही."

"म्हणू नका."

लेकीने दोघांपुढे भरलेलं एक एक खोकं सरकवलं आणि चिकटपट्टी हातात दिली. मास्तरांनी झाकणं दाबून धरली, जावई पट्टी ओढत गेला. पुस्तकांचं खोकं फार जड झालं, तेव्हा दोघांनी मिळून उचललं आणि जिन्याने खाली नेलं.