ताडपत्रीखालचे घड

धुळ्याच्या नव्या शाखेची खुर्ची मिळाली असती तर अभिमनच्या पदरात काय पडणार होतं, ते आधी मांडू: काचेची केबिन, दारावर नाव आणि सासऱ्यापुढे पायावर पाय टाकून बसायची सोय. नाजमीनला मिळणार होतं घर. तिची आई हसीनाबी धुळ्यात एकटी, डोळ्यांनी अधू, आणि मुलगी नोकरीपायी जळगावात भाड्याच्या खोलीत. निकाल ईश्वरभाऊ देणार होते. जळगावात मोबाईल गेम बनवणारी कंपनी त्यांची, आणि हे दोघंही त्यांच्याकडेच कामाला. पण गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यापलीकडे त्यांना काही वाचता येत नाही. "भडगावच्या कामात जो चमकेल, धुळं त्याचं," असं त्यांनी सांगून टाकलं होतं.

भडगावचं काम म्हणजे केळीचे व्यापारी भिकननाना. त्यांना जाहिरातीसाठी गेम हवा होता: त्यांच्या नावाचा ट्रक, मागे केळी, आणि तो घाटातून हाकत न्यायचा. वस्तूंचे आकार अभिमन घडवणार, ते गेम चालवणाऱ्या प्रणालीत, म्हणजे इंजिनात, बसवून नाजमीन चालते करणार.

अभिमनने केळीचा घड घडवला. सालीवरची शीर, डाग, देठाचा चीक, सगळं खऱ्या त्रिकोणांत; पडद्यावरचा आकार अशा बारीक त्रिकोणांच्या जोडणीतूनच बनतो, आणि जितके त्रिकोण तितका फोनवर भार. एका केळ्याच्या त्रिकोणांत ट्रक, घाट आणि वरचे ढगही निघाले असते. पुण्याहून कोर्स करून आल्यापासून हा गृहस्थ रस्त्यावरचा दगडही साधा ठेवत नाही.

"अभिमनभाऊ, फोनला हे सगळं सेकंदाला तीसदा नव्याने काढायचंय," नाजमीन म्हणाली. "त्रिकोण कमी करून आकार हलका करा. शिरा नि डाग चित्रात उतरवून वरून चढवू. कुणाला कळणार नाही."

"कळणाऱ्यांसाठीच करतो मी."

"मग कळणाऱ्यांना नवे फोनही घेऊन द्या."

नाना काम बघायला आले. पडद्यावर बोट ठेवून त्यांनी घडाच्या फण्या मोजल्या, समाधानाने मान हलवली आणि ट्रककडे वळले. मागे वरचे थोडे घड दिसत होते, बाकी सगळी ताडपत्री. "ताडपत्रीखाले काय शे?"

"काही नाही नाना," नाजमीन म्हणाली. "झाकलेलं दिसत नाही, म्हणून रिकामं ठेवलंय."

नानांचा चेहरा उतरला. "मी अर्धी गाडी कव्हयच धाडी नही."

ईश्वरभाऊंचा चेहरा नानांच्या पाठोपाठ उतरला. अभिमनने संधी ओळखली. "भरतो ना नाना. बठ्ठा माल भरतो. तळापर्यंत."

आणि भरला. कुणालाही कधी न दिसणारे शेकडो घड, शीर न् शीर शाबूत. माणसाला ताडपत्रीआडचं दिसत नसलं तरी गेमचं इंजिन तो माल प्रत्येक वेळी उचलतंच. नाजमीनने हे अभिमन आणि ईश्वरभाऊ दोघांनाही सांगितलं. ईश्वरभाऊ म्हणाले, "ताई, गिऱ्हाईक खूश आहे ना? मग तू कशाला रडतेस?"

धुळ्याला नानांच्या गिऱ्हाइकांपुढे गेम उघडला. पहिल्याच वळणावर ट्रक अडखळला, मग थिजला. फोन तापले. एकाने तर रुमालात धरला. पाहुणे चहाकडे वळले.

अभिमन छताकडे बघत म्हणाला, "आकारात काही खोट असेल तर दाखवा. चालवायचं काम माझं नव्हतं."

नाजमीनने तोंड उघडलं, पण नानांचा निवाडा तयार होता. लादलेल्या मालाने गाडी बसली तर हमालाला बोल लावायचा नाही, गाडी बदलायची, ही त्यांची रीत.

"पोऱ्यानी माल बठ्ठा भरा. गाडीच कमजोर शे."

ईश्वरभाऊंनी मान डोलावली. गाडी म्हणजे नाजमीन.

पुढे तिनेच ताडपत्रीखालचा माल गुपचूप उपसला, वरचे घड हलके केले, शिरा चित्रात चढवल्या. ट्रक घाटातून सुसाट जायला लागला. नानांनी फण्या पुन्हा मोजल्या, पुऱ्या भरल्या. ताडपत्री उचलायची सोय गेममध्ये नव्हती. "गाडी सुधरनी," ते म्हणाले. तोवर धुळ्यात अभिमनच्या नावाची पाटी लागली होती.

तर शेवटची बेरीज. अभिमनला केबिन मिळाली, नानांना भरल्या गाडीचं समाधान, ईश्वरभाऊंना टिकलेलं गिऱ्हाईक. तिघांचाही खर्च शून्य. भरलं ते हसीनाबीने. मुलगी जळगावातच राहिली; चुलीजवळची काडेपेटी ती अजूनही एकटीच चाचपून शोधते.