लेबलवर नसलेली गोदाबाई

मी एक जुनी रेकॉर्ड आहे, मित्रांनो. लाखेची, काळीभोर, ताटासारखी गोल. अंगावर काठापासून आतपर्यंत गेलेली एक चीर. पण रडगाणं ऐकायला बसला असाल तर उठा. परवा माझ्यावर जे गुदरलं त्यानं मी अजून थरारतेय!

लंडनमधल्या रेकॉर्ड काढणाऱ्या दोन कंपन्या एक झाल्या आणि आमची भलीमोठी कंपनी उभी राहिली. देशोदेशी तिचे कारखाने. कलकत्त्याजवळच्या कारखान्यात गरम लाखेचा गोळा साच्यात दाबून मला काढलं. माझ्यात आवाज होता नागपूरच्या गोदाबाईचा. काय आवाज! ऐकणाऱ्याची पाठ आपोआप ताठ व्हायची. बाबासाहेबांवरचं गाणं तिनंच रचलं, तिनंच गायलं. शाहीर किसन मागे डफ वाजवत होते. आणि लेबलवर काय छापलं? ‘शाहीर किसन आणि पार्टी’! गाणारी बाई पार्टीत! साता समुद्रांपार पसरलेल्या कंपनीला एका बाईच्या नावापुरती जागा सापडली नाही.

गोदाबाईही कच्च्या गुरूची चेली नव्हती. भीमगीत रचणारा शेवटच्या कडव्यात आपलं नाव ओवतो, ही आमच्याकडची रीत. तिनंही ओवलं. ते खोडणं कोणाच्या बापाला जमणार नव्हतं.

नागपूरच्या इंदोऱ्यात जयंतीला मी कर्ण्यावर वाजायचे. वस्ती नुसती नाचायची. मग कॅसेटा आल्या आणि माझी रवानगी पत्र्याच्या पेटीत झाली. तिकडे कंपनीचेही दिवस फिरले. पैसेवाल्यांनी कर्ज काढून ती विकत घेतली, कर्ज झेपेना, बँकेनं ती ताब्यात घेऊन विकायला काढली. खाटिक वाटे घालतो तसे तिचे वाटे पडले. रेकॉर्डिंगं एकाकडे, गाण्यांचे हक्क दुसऱ्याकडे, उरलंसुरलं तिसऱ्याकडे. गोदाबाई कोणाच्या वाट्याला आली? कोणालाच ठाऊक नाही!

तिची नात संघमित्रा अमेरिकेत अ‍ॅशबर्नला डेटा सेंटरमध्ये नोकरी करते. मला ती साडीच्या घड्यांत गुंडाळून घेऊन आली. तिनं तिघांनाही ईमेल केले. तिघांचं उत्तर एकच, या नावाची गायिका आमच्याकडे नाही.

“असेल कशी? तुम्ही छापलंच कुठं!” ती स्क्रीनवर खेकसली. “अख्ख्या जगाचा डेटा सांभाळते यार मी, आणि आजीचं नाव कुठंच नाही!”

तिनं ठरवलं, तिथल्या आपल्या लोकांच्या जयंतीच्या कार्यक्रमात मला वाजवायचं. तिचा नवरा धर्मराज घाबरला.

“चीर बघितलीस? मध्येच तुकडे होतील. फ्रेम करून लावू या.”

“काचेत ठेवून आजी गाणार आहे का?”

“मग आधी घरी वाजवून रेकॉर्ड तरी कर.”

“एकदाच वाजणार असेल, तर चार भिंतींत नाही. लोकांत.”

त्यांचा मित्र अतुल म्हणाला, “वहिनी, मी तिथंच लॅपटॉपवर रेकॉर्ड करतो. फक्त एकदा नीट वाजू दे.”

शाळेचा हॉल गच्च भरला. लाकडी स्टेजवर सुई माझ्यावर टेकली. दर फेरीला चिरेची टक, टक... आणि गोदाबाई! मावशा खुर्च्यांतून उठल्या. कडवं संपलं की “जय भीम!” चौथ्या कडव्याला काकालोक स्टेजवर चढून नाचू लागले. फळ्या हादरल्या, सुई उडाली आणि थेट लेबलवर जाऊन घसरली.

शेवटचं कडवं गेलं.

“लास्ट व्हर्स आलाच नाही,” अतुल पुटपुटला. संघमित्रा स्टेजकडे धावली.

“आपल्याच पायांनी पुसलं की गं तिला!” पुढच्या रांगेतल्या नीनामावशींनी कपाळावर हात मारला.

धर्मराजनं मला उजेडात धरलं. चीर फाकली होती. आता हा फ्रेमच करणार, असं मला वाटलं. पण त्यानं मला पुन्हा ठेवलं आणि माइक घेतला.

“मंडळी, स्टेजवरून उतरा. कोणी हलायचं नाही. जय भीमसुद्धा मनात.”

“बाबा, नो क्लॅपिंग?” त्याच्या लेकीनं, छोट्या मैत्रीनं, विचारलं.

“नो क्लॅपिंग, बाळा. श्वाससुद्धा हळू.”

मित्रांनो, नाचायला आलेली माणसं दगडासारखी उभी राहिली! कोणी लेकराचे पाय धरले, कोणी स्वतःचं तोंड दाबलं. टक, टक. तिसरं कडवं. चौथं. मी जीव गोळा केला. तुटायचं तर तूट, पण नंतर!

“गोदा म्हणे, ऊठ गं बाई,
पाटी दे लेकीच्या हाती...”

आलं! हॉलमध्ये हुंदके फुटले, पाय मात्र हलले नाहीत. गाणं संपलं. संघमित्रानं सुई उचलली, मला हातात घेतलं आणि टक्कन माझे दोन तुकडे झाले.

अतुलनं लॅपटॉप पुढं ओढला. “फाइलमध्ये गायिकेचं नाव काय टाकू?”

त्याला माहीत नव्हतं थोडंच! पण अख्खा हॉल छत उडेल असा ओरडला, “गोदाबाई!”

मी आता कधीच वाजणार नाही, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. पोरांनो, तुमच्या घरी अशी एखादी आजी पेटीत पडली असेल, तर तिला आजच बाहेर काढा. कोरड्या मऊ फडक्यानं पुसा, वाजवा आणि विचारा, गातंय कोण? कंपन्यांचं काय, त्या विकल्या जातात. नाव तुम्ही सांभाळायचं असतं.