आत आधीच कोणीतरी बसलंय

मित्रांनो, मी एक जुना रबरी मुखवटा आहे. माझी कातडी पिवळट आहे आणि कपाळावर टाके आहेत. मेलेल्या माणसांचे तुकडे जोडून जीव उभा करणाऱ्या त्या जुन्या कादंबरीतल्या शास्त्रज्ञाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. जिवाने डोळे उघडले आणि या विद्वानाने धूम ठोकली. नाटकात त्या जिवाचे तोंड म्हणजे मी.

मला घडवायचे तर नटाच्या चेहऱ्याचा साचा हवा होता. पण नट सर्दीचे निमित्त काढून आलाच नाही आणि प्रयोग तोंडावर आलेला. शेवटी कारागिराने नाकात दोन नळ्या घातल्या आणि बायकोकडून स्वतःच्याच तोंडावर प्लास्टर थापून घेतले. त्या साच्यावर मी घडलो. कारागिराने ही गोष्ट नाटक मंडळीत कोणाला कळू दिली नाही.

नटाने मला पहिल्यांदा चढवले आणि नाक चोळत म्हणाला, "अहो, आत आधीच कोणीतरी बसलंय."

"वापरून सैल होईल," कारागीर मान खाली घालून म्हणाला.

बावीस वर्षे नट नाकाला कापूस लावून मला घालत राहिला. कादंबरीतला तो जीव वाचायला शिकतो, छान बोलतो, एक सोबतीण मागतो. नाटकात त्याच्या वाट्याला नुसते गुरगुरणे आले. लोकांना तेच आवडले. माझी खेळणी निघाली, बिस्किटांच्या डब्यांवर मी झळकलो, शाळेच्या वेशभूषा स्पर्धेत दरवर्षी दोनतीन मुले मीच व्हायची. शास्त्रज्ञाचा चेहरा कोणाच्याच लक्षात राहिला नाही.

माझा कारागीर एकदाही प्रयोगाला आला नाही. रोज पडदा उघडला की मी त्याला प्रेक्षकांत शोधायचो. तोही मला टाकून पळाला, असे मी धरून चाललो. मला त्याचा फार राग होता.

मग मंडळी बंद पडली. मी पेटीत गेलो, कानाशी तडकलो. गेल्या वर्षी कारागीर वारला. त्याची मुलगी मंडळीच्या गोदामातून त्याची हत्यारे न्यायला आली तेव्हा मंडळीचे जुने व्यवस्थापक म्हणाले, "हे भूतही न्या, नाहीतर कचऱ्यात जाईल."

घरी तिने धूळ झटकायला मला उलटे केले. भुवईच्या वर, आतल्या बाजूला, तिचे बोट एका खळग्यात अडकले. लहानपणी ती बाबांची चामखीळ तिथेच दाबायची आणि बाबा तोंडाने भोंगा वाजवायचे.

"आई, हे बाबा आहेत का गं?"

"तोंड मीच माखलं होतं," आई म्हणाली. "कोणाला सांगू नकोस म्हणाले होते."

घरात कारागिराचा एकच फोटो होता, तोही पाठमोरा. मुलीने प्लास्टर कालवायला घेतले.

"फाटेल तो. रबर जुनं झालंय," आई म्हणाली.

मुलगी बराच वेळ मला हातात धरून बसली. मग तिने प्लास्टर माझ्यात ओतले.

दुसऱ्या दिवशी मला सोलताना मी हनुवटीपासून कानापर्यंत फाटलो. आतून कारागीर निघाला. डोळे मिटलेले, ओठ घट्ट, भुवईवर चामखीळ. आईने त्या पांढऱ्या नाकावरून हळूच बोट फिरवले.

आता तो कपाटावर असतो आणि मी शेजारी, मागून पट्टी लावून. मित्रांनो, जुन्या वस्तू कधीतरी टाकाव्या लागतातच. टाकण्याआधी एकदा उलटून मात्र बघा. बावीस वर्षे मी ज्याला समोरच्या खुर्च्यांत शोधत होतो, तो एकही प्रयोग न चुकवता माझ्या आत बसलेला होता.