चादरींची गाडी आणि उलटं स्टिअरिंग

"माझं ऐकणार नाही असा नटबोल्ट अजून जन्माला यायचाय," असं म्हणून इंजिनियर पिकअपखाली सरकला, आणि पहिल्याच नटाने त्याच्या बोटांची सालटं काढली.

इंजिनियर ही पदवी त्याला सासरच्यांनी दिली होती. कॉलेजचा तिच्याशी काही संबंध नव्हता. त्याने एकदा सासूबाईंचा टेबलफॅन दुरुस्त केला होता, आणि तो फॅन तेव्हापासून मागच्या भिंतीला वारा घालत होता.

गाडीची गोष्ट मात्र चेष्टेवारी नेण्यासारखी नव्हती. घराच्या तळमजल्यावर त्यांची लाँड्री चालायची. टेकडीखालच्या हॉस्पिटलच्या चादरी सासूबाई धुवायच्या, तो घड्या घालायचा, आणि बायको त्या पिकअपमधून पोचवायची. रोज, त्या वळणावळणाच्या उतारावरून. हल्ली स्टिअरिंग बॉक्समधून तेल गळायला लागलं होतं. स्टिअरिंग इतकं जड झालं होतं, की घरी आली की बायको आधी खांदे चोळत बसायची.

"दादाच्या गॅरेजला सोडते," ती म्हणाली होती. दादा म्हणजे तिचा सख्खा भाऊ.

"दोन सील बदलायला गॅरेज? मी काय मेलोय का?"

"नाही ना मेलात, म्हणून तर काळजी."

"दुपारच्या आत गाडी तुझ्या हातात. एका बोटाने वळवशील!"

काम तसं त्याला तोंडपाठ होतं. स्टिअरिंग बॉक्समधून खाली एक दांडा येतो, त्याच्या टोकाच्या दात्यांवर एक लोखंडी हात बसतो, आणि तो हात चाकं वळवतो. हात ज्या दात्यावर होता त्याच दात्यावर परत बसायला हवा, म्हणून इंजिनियरने दोन्हींवर मिळून खडूची एक रेघ मारली. त्या दिवशी त्याच्याकडून झालेलं शहाणपणाचं काम ते एवढंच. मग ओढून काढायचा पुलर लावून, घाम गाळून त्याने तो हात उपसला आणि अंगणात ठेवला.

जुनी सील, म्हणजे तेल अडवणाऱ्या रबरी चकत्या, टोकरून काढायची नसतात. इंजिन सुरू करून स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण पिळलं, की तेलाच्या दाबाने ती आपोआप बाहेर पडतात. त्यासाठी सासूबाईंना ड्रायव्हरच्या सीटवर बसवलं.

"जावईबापू, फिरवू का?"

"फिरवा आई, जोरात!"

आईंनी आयुष्यभर ओल्या चादरी पिळल्या होत्या. त्याच हातांनी त्यांनी स्टिअरिंग पिळलं. सील सुटली, आणि त्यांच्यामागून आलेलं तेल थेट इंजिनियरच्या उघड्या तोंडात गेलं.

"बंद करा! आई, बंद करा!"

"कसं करू? तुम्ही फक्त सुरू करायला शिकवलंत!"

तो गाडीखालून बाहेर येईपर्यंत सगळं तेल जमिनीवर गेलं होतं. जाताना दांड्यावरची खडूची रेघही घेऊन गेलं होतं. काही हरकत नाही, लोखंडी हातावर अर्धी रेघ आहेच, असं म्हणत तो अंगणात गेला. लोखंडी हात दोरीवर सुकत होता.

"किती तो राडा! पावडर टाकून घासून काढलं," सासूबाई म्हणाल्या. "बघा कसं लखलखतंय."

त्या घरात मळलेली वस्तू जागेवर राहत नसे, हे त्याला लग्नापासून माहीत होतं.

त्याने नवी सील ठोकली, डोळा बारीक करून एक दाता निवडला, हात चढवला, नट आवळला, नवीन तेल भरलं. नट किती आवळायचा? पुरे वाटेपर्यंत. तेवढ्यात बायको चादरी भरून हजर.

"अहो, चाकं सरळ आहेत, मग स्टिअरिंग उलटं का?"

खरंच, अर्धा फेरा फिरून उलटं होतं. खाली एक दाता चुकला की वर एवढा फरक पडतो, त्याला लख्ख कळलं. पण तोंडातून निघालं ते असं, "नवी सील आहेत ना. बसायला वेळ लागतो."

"बरं," म्हणून तिने गाडी सुरू केली.

त्याने लावलेला गजर स्वतः तपासून झोपणारी बाई ही. आज नुसतं 'बरं' म्हणाली.  इंजिनियर धावत जाऊन शेजारच्या सीटवर बसला.

पहिलं वळण डावीकडचं, ते छान गेलं. दुसरं उजवीकडचं. त्या बाजूचा अर्धा फेरा आधीच संपलेला, म्हणून तिथे स्टिअरिंग अर्ध्यातच अडलं, गाडी हवी तेवढी वळेना, आणि बाहेरचा कठडा समोर यायला लागला. तिने करकचून ब्रेक मारला.

कठड्यापासून वीतभर अंतरावर गाडी थांबली.

"मी दाता चुकवलाय," तो म्हणाला. "एक दाता. मघाशीच कळलं होतं."

"आणि मला बसू दिलंत?"

तो नखातलं तेल कोरायला लागला.

"नट तरी आवळलाय ना?"

"आवळलाय." मग जरा वेळाने, "बहुतेक."

तिने सीटखालचा मोठा पाना त्याच्या मांडीवर टाकला. तो गाडीखाली शिरला. पाना लावला, पाय टेकवून जोर दिला. नट फिरला. पुन्हा जोर दिला, पुन्हा फिरला. तो आवळत राहिला, नट जाम बसेपर्यंत.

तो बाहेर आला.

"फिरला?" तिने विचारलं.

"फिरला."

ती रडली नाही, ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं त्याला वाटलं. "इथे वळणावर उभं राहून चालायचं नाही, मागून कुणी धडकेल," ती म्हणाली. "तुम्ही आत बसू नका. पुढे चालत राहा, समोरून कोण येतंय ते सांगा. चादरी टाकल्या की गाडी दादाकडे."

तो हात हलवत पुढे, ती पहिल्या गिअरमध्ये मागे, अशी वरात टेकडी उतरली. उजवीकडच्या प्रत्येक वळणाला ती गाडी मागे-पुढे घेत होती. त्याच्या हातांकडे तेवढं बघत होती, तोंडाकडे एकदाही नाही. बायकोला ओरखडाही न येता दोघं हॉस्पिटलशी पोचले, तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला.

फाटक उजवीकडे होतं. एका दमात गाडी आत जाईना. तिला मागे घ्यावी लागणार होती, म्हणून तो मागे जाऊन उभा राहिला.

"येऊ दे! येऊ दे! अजून आहे, येऊ दे! थांब!"

तिने लगेच ब्रेक दाबला. तेव्हा मागचं चाक त्याच्या डाव्या पायावर होतं.